दोन खोल्या, एक सही

कुत्र्याला न्यायला माणसं आली, तेव्हा उस्तादच्या रागाला खरी सुरुवात झाली.

तोवर ती नुसती कंटाळली होती. विमानतळाच्या आतल्या अंगाला, सामानाच्या फिरत्या पट्ट्यांच्या पलीकडे, एक लहानशी खोली होती. भिंतीला टेकलेल्या चार खुर्च्या, समोर टेबल, टेबलामागे निळा कोट घातलेली एक बाई आणि कोपऱ्यात जाळीचा पेटारा. पेटाऱ्यात एक तपकिरी कुत्रा होता. तोही तिच्याच विमानातून, तिच्यासारखाच एकटा आला होता. दोघांच्याही गळ्यात ओळखीची खूण होती. त्याच्या पितळी बिल्ला, हिच्या पुठ्ठ्याची पाटी. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत बसले. मग दार धाडकन उघडलं. एक जाडजूड माणूस धापा टाकत आत आला, मागोमाग त्याची बायको. माणूस पेटाऱ्यासमोर गुडघ्यांवर बसला, जाळीतून बोटं आत घातली आणि चक्क रडायला लागला. निळ्या कोटातल्या बाईने कागद पुढे केला, त्याने न वाचता सही ठोकली, आणि कुत्रा शेपटी हलवत निघूनही गेला.

उस्ताद जागच्या जागी ताठ झाली. कुत्र्याला न्यायला दोन माणसं. आणि तिला?

उस्ताद हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. घरी सगळे तिला चिमणी म्हणत, आणि दहा वर्षांच्या मुलीला चिमणी म्हणणं हा तिला शुद्ध अन्याय वाटे. उस्ताद म्हणत ते फक्त आजोबा, तिच्या आईचे वडील. आणि तेही लाडाने नव्हे, हुद्दा म्हणून. आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. खडू चोळलेली दोरी फळीवर ताणून धरायची, मधोमध टिचकी मारायची, की पांढरी सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर आजोबा अक्षरांच्या कडा काढायचे आणि आतला रंग उस्ताद भरायची. कडेबाहेर थेंब गेला तर आजोबा तिला मोठ्या माणसासारखं बोलत, आणि नाही गेला तर काहीच बोलत नसत. तिला दोन्ही आवडायचं. म्हणून आपणही तिला उस्तादच म्हणू. चिमणी म्हटल्याचं तिच्या कानावर गेलं तर आपली धडगत नाही.

गेल्या वर्षी आजोबांच्या हाताला कंप सुटला. "आता ह्यांनी एकटं राहायचं नाही," असं परदेशातल्या मावशीने जाहीर केलं आणि ती येऊन त्यांना घेऊन गेली. त्यांची बॅग तिनेच भरली. ब्रशांची गुंडाळी आजोबांनी दोनदा बॅगेत ठेवली आणि मावशीने दोनदा बाहेर काढली. "बाबा, तिकडे पाट्या मशीनवर होतात. हे कशाला ओझं?" त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच कमी झालं. फोनवर विचारलं तर म्हणत, बरं आहे. तब्येत बरी आहे, जेवण बरं आहे, हवा बरी आहे. जो माणूस पिवळ्याच्या छटेवरून गिऱ्हाइकाशी अख्खी दुपार भांडला होता, त्याला आता जगातलं सगळंच बरं वाटायला लागलं होतं. हे लक्षण काही चांगलं नव्हे, हे घरात फक्त उस्तादला कळत होतं.

सुट्टीत आजोबांकडे एकटीने विमानाने जाशील का, असं आईवडिलांनी विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. त्यांना वाटलं, पोरगी धीट आहे. ती धीट वगैरे नव्हती. तिच्या पाठपिशवीत मेणकापडात गुंडाळलेले आजोबांचे सगळे ब्रश होते. ते त्यांच्या हातात द्यायचे होते, बस. ब्रशांना लावायच्या तेलाची बाटलीही होती, पण ती निघतानाच्या तपासणीत एका माणसाने काढून घेतली आणि तिच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या माणसाचा चेहरा तिने नीट लक्षात ठेवला होता.

आता न्यायला कुणी का आलं नव्हतं, ते सांगायला हवं. वाटेल की बिचारीचं त्या शहरात फारसं कुणी नसावं. उलट! तिथे तिची सख्खी मावशी होती आणि सख्खी आत्याही होती. सगळा घोटाळा तिथेच होता. एकच असती तर ती नक्की आली असती.

आईवडिलांच्या लग्नाचा एक मोठा फोटो घरात टांगलेला होता. मधोमध नवरा-नवरी, नवरीला खेटून मावशी, दात दाखवत. आणि पार कडेला, चौकटीला चिकटून, आत्याचा एक कान आणि अर्धा अंबाडा. आत्याचं म्हणणं, मावशीने मुद्दाम खांदा पुढे काढला. मावशीचं म्हणणं, फोटोग्राफर हाका मारत होता तेव्हा आत्याबाई रुसून जिन्यात उभ्या होत्या. पुढे नवऱ्यांच्या नोकऱ्यांपायी दोघी एकाच परक्या शहरात येऊन पडल्या. लोकांना वाटतं, परक्या मुलखात माणसं एकमेकांना धरून राहतात. काही राहतातही. ह्या दोघी राग धरून राहिल्या.

विमान कंपनीने विचारलं होतं, मुलीला उतरवून कोण घेणार? कुणाचं मन दुखायला नको म्हणून आईवडिलांनी दोघींची नावं दिली. कुणीही एकीने येऊन सही केली की झालं. वर नाव आत्याचं, कारण वडिलांच्या बाजूचा मान. उतरायचं मात्र मावशीकडे, कारण आजोबा तिथे. असा तोल साधून दोघं निर्धास्त झाली. आणि इकडे दोघी फुगून बसल्या. मावशी म्हणाली, नाव त्यांचं वर आहे ना, मग त्यांनीच जावं. आत्या म्हणाली, पोर राहणार त्यांच्या घरी, मग आम्ही काय हमाल?

निळ्या कोटातल्या बाईला ह्यातलं काय ठाऊक? तिने आपली वरच्या नावापासून सुरुवात केली. नंबर फिरवला आणि फोन उस्तादच्या हातात दिला.

"अगं बाई, चिमणे! पोचलीस? विमानात खाल्लंस का काही?"

"आत्या, तू कुठे आहेस?"

"मी घरी गं."

"घरी का?"

"घरी का म्हणजे? मावशी आली असेल ना तुझी."

"नाही आली."

"नाही कशी? महिनाभर खोली सजवत होत्या म्हणे. पडदे काय, गालिचा काय! मग न्यायला यायच्या वेळीच बरे पाय दुखले!"

"तू ये ना."

फोनमधून मोठा सुस्कारा ऐकू आला. "अगं, मी आहे तशी धावत आले असते. पण मग म्हणतील, बघा, आत्याबाई पुढेपुढे करतायत. मला नाही बाई कुणाच्या मध्ये पडायला आवडत. तू मावशीलाच फोन कर. आणि हे बघ, मी सांगितलं असं सांगू नकोस हं."

मावशीने तर फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "बसलीस का आत्याच्या गाडीत?"

"आत्या घरी आहे. ती म्हणते तू येणार होतीस."

"मी? अगं पिल्लू, यादीत वर नाव कुणाचं आहे? त्यांचं. मी मध्ये कडमडले की झालं, पुढची दहा वर्षं तेच ऐकायचं. येतीलच त्या. नटायला वेळ लागत असेल."

"मावशी, इथे कुणीच नाहीये."

"असं कसं कुणी नाही? एवढा मोठा विमानतळ आहे."

तेवढ्यात मागून आजोबांचा आवाज आला. "कोण आहे? उस्ताद का? कुठे आहे ती?" आणि मावशीचा आवाज, जरा लांबून, "काही नाही बाबा, तुम्ही जेवून घ्या बघू." मग फोन बंद.

निळ्या कोटातल्या बाईने शेवटी उस्तादच्या घरी, आईवडिलांना फोन लावला. वडील म्हणाले, "दोघींनाही कळवलंय!" आई म्हणाली, "तुमच्या बहिणीला स्वतःहून काही करायला नको." वडील म्हणाले, "माझ्या बहिणीला? आणि तुझी बहीण काय करतेय?" एवढं झाल्यावर दोघं एकमेकांशीच बोलायला लागली आणि फोन हातात आहे ह्याचा दोघांनाही विसर पडला. उस्तादने इकडचा फोन हळूच खाली ठेवला.

बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. शाळेत शिकलेली परकी भाषा पुस्तकाबाहेर येऊन भरभर बोलायला लागली की जड जाते, पण बाई थांबत थांबत बोलली. म्हणाली, तू आलीस तेच विमान दुपारी परत जातं. तोवर यादीतल्या कुणी येऊन सही केली नाही, तर तुला त्याच विमानाने घरी पाठवावं लागेल. मला वाईट वाटतं, पण नियम आहे.

उस्ताद रडली नाही. बाईने पुढे केलेला कागदी रुमाल तिने घडीसकट परत दिला. रडायला वेळ कुठे होता? तिच्या डोक्यात नुसतं फणफणत होतं. परत जायचं म्हणजे ब्रशही परत जायचे. पुन्हा कोण आणणार ते? आई म्हणेल पोस्टाने पाठवू, आणि मग ते माळ्यावर जातील, जुन्या पंख्याशेजारी. आणि आजोबा इथे बसून म्हणत राहतील, बरं आहे.

त्यात ती गळ्यातली पाटी. निघताना कंपनीच्या माणसाने घाईघाईत जाड पेनाने तिचं नाव लिहिलं होतं. सुरुवातीची अक्षरं ऐसपैस, आणि शेवटाला जागा उरली नाही म्हणून उरलेली एकमेकांच्या उरावर बसवलेली. रेघ नाही, अंदाज नाही. एवढ्या सगळ्या लोकांसमोरून असलं अक्षर गळ्यात घालून फिरायचं म्हणजे काय! तिने पाटी उलटी करून ठेवली होती, पण चालताना ती आपोआप सुलटी होई.

दाराला बारीक आवाज झाला. आधी एक वेताची काठी आत आली. मग घरात घालायच्या मऊ सपाता. मग आजोबा.

त्या काठीचं सांगायचं राहिलं. ती चालायची नव्हतीच. पाटी रंगवताना मनगट टेकायला पाटीवर आडवी धरतात, ती होती. ब्रश मावशीने काढून ठेवले, तेव्हा आजोबांनी म्हातारपणाचं सोंग करून हे एवढं एक हत्यार देशाबाहेर काढलं होतं.

आजोबांनी तिला जवळ घेतलं नाही, कशी आहेस विचारलं नाही. ते तिच्या गळ्यातल्या पाटीकडे बघत राहिले.

"हे कुणी लिहिलं?"

"कंपनीवाल्याने."

"रेघ मारली नाही."

"आणि शेवट बघा ना आजोबा."

"कोंबलीय सगळी. बसमध्ये कोंबतात तशी." त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. मग थरथरता हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. गेल्या वर्षीपेक्षा कंप वाढला होता.

"तुम्ही कसे आलात?"

"तुझ्या मावशीने तुझा फोन ठेवला आणि मैत्रिणीला लावला. आत्याबाईंचा उद्धार सुरू झाला. म्हटलं, हा आता तासभर चालतो. निघालो. घरासमोरून बस मिळते, तिच्या पाटीवर विमानाचं चित्र आहे." ते क्षणभर थांबले. "चित्र बरं काढलंय."

उस्ताद त्यांना हाताला धरून टेबलापाशी घेऊन गेली. "हे माझे आजोबा. हे मला न्यायला आलेत. ह्यांची सही घ्या."

बाईने यादी पाहिली, आजोबांकडे पाहिलं, पुन्हा यादी पाहिली. यादीत आजोबा नव्हते. ह्यांना मूल देता येत नाही, असं ती अगदी हळू आवाजात म्हणाली.

"काय म्हणते?" आजोबांनी विचारलं.

"तुमचं नाव नाही म्हणते."

"तिला सांग, मी हिच्या आईचा बाप आहे."

उस्तादने सांगितलं. बाई म्हणाली, मला खात्री आहे. तरीही.

"म्हणजे ज्यांची नावं आहेत त्या आल्या नाहीत, तरी त्यांनाच देणार," उस्तादचा आवाज चढत गेला, "आणि जे बसने, सपाता घालून आलेत, त्यांना नाही?"

बाई म्हणाली, हा नियम मी केलेला नाही.

"मग कुणी केला? त्यांना बोलवा."

बाईने तिच्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं नाही, ही त्या दिवसातली पहिली बरी गोष्ट. ती उठली, आजोबांसाठी खुर्ची सरकवली, आपल्या डब्यातलं सफरचंद कापून दोघांपुढे ठेवलं आणि यादीतल्या दोन्ही नंबरांना पुन्हा फोन लावायला लागली. दोन्हीकडे लाइन व्यग्र होती.

उस्तादने पाठपिशवी उघडली. मेणकापडाची गुंडाळी आजोबांच्या मांडीवर ठेवली. ते बराच वेळ गाठ सोडत होते; तिने मदत केली नाही, कारण त्यांना ते खपलं नसतं. एकेक ब्रश काढून त्यांनी त्याचे केस ओठांना लावून पाहिले.

"कोरडे पडलेत."

"तेल आणलं होतं. विमानतळावर एका माणसाने फेकून दिलं."

"फेकलं?"

"डब्यात. माझ्यासमोर."

"नालायक," आजोबा म्हणाले. बरेच महिने त्यांनी कुणाला नालायक म्हटलं नसावं. शब्द तोंडात घोळवून, चव घेऊन म्हणाले. सगळ्यात बारीक, लांब केसांचा ब्रश त्यांनी बोटांत धरला. हात थरथरतच होता. पण बोटं जिथे बसायची तिथेच बसली.

आता त्या दोघींच्या लाइनी का व्यग्र होत्या? कारण मैत्रिणीचा फोन संपवून मावशी बाहेरच्या खोलीत आली, तर आजोबा नाहीत, सपाता नाहीत. तिला वाटलं, हे आत्याबाईंचंच काम. एवढ्या वर्षांत केला नव्हता तो फोन तिने केला. "आमच्या बाबांना कुठे नेलंत?" आत्या म्हणाली, "मी नेईन कशाला? तुम्हाला घरातला म्हातारा माणूस सांभाळता येत नाही का?" ह्या चालीवर दोघींचं बरंच झालं. मग कधीतरी आत्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि पोरीला कोण आणणार होतं?" दोन्हीकडे एकाच वेळी फोन ठेवले गेले.

दोघी दोन दिशांनी आल्या आणि दाराशी नेमक्या एकाच वेळी पोचल्या. आत्या उंच, सावळी, केस अजून ओले. मावशी ठेंगणी, गोरी, गाऊनवर घाईत कोट चढवलेला. दार अरुंद होतं.

"व्हा पुढे," आत्या म्हणाली.

"छे, तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही."

"तुमचे वडील आहेत आत."

"तुमची भाची आहे."

निळ्या कोटातल्या बाईने उठून दाराची दुसरी फळीही उघडली, तेव्हा कुठे दोघी आत आल्या. मावशी थेट आजोबांकडे गेली. "बाबा! न सांगता? आणि सपाता घालून? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी बसमध्ये जागा दिली," आजोबा म्हणाले.

आत्याने उस्तादचा गाल ओढला. "वाळलीस गं चिमणे." उस्तादने गाल परत घेतला.

बाईने कागद टेबलावर मध्यावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं, आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. विमानात माणसं बसवायला सुरुवात झाली होती. एक सही. कुणाचीही.

"करा ना," मावशी म्हणाली. "वर नाव तुमचं आहे."

"वर असून काय उपयोग? पोर तर तुमच्याकडे उतरणार."

"ते काय मी ठरवलं? तुमच्या भावाने ठरवलं."

"भावाला त्या घरात विचारतं कोण?"

"असं? मग नाव वर कुणी घातलं तुमचं?"

"नावच तेवढं वर. फोटोत मात्र कान."

"आला का तो फोटो! मला वाटलंच, कसा आला नाही अजून."

"आणि आत्ता मी सही केली, तर उद्या तुम्हीच म्हणाल, आमच्या हक्काच्या पाहुणीवर आत्याने झडप घातली."

"आणि मी केली तर तुम्ही म्हणाल, वरच्या नावाचा अपमान केला. करा बाई, तुम्हीच करा."

"नाही, नाही. तुम्ही."

पेन इकडून तिकडे सरकत होतं. बाहेरच्या कर्ण्यातून कसलीशी घोषणा झाली. बाईने कपाळाला हात लावला आणि दुसरा, पिवळा कागद ड्रॉवरमधून काढला. तो मुलीला परत पाठवण्याचा होता, हे कुणी सांगायला नको होतं.

उस्ताद उठली. गळ्यातली पाटी काढून तिने टेबलावर आपटली. पुठ्ठ्याचा आवाज तो केवढा असणार, पण दोघी दचकल्या.

"मला परत पाठवा," ती बाईला त्या परक्या भाषेत म्हणाली, अगदी चूक न करता. मग वळून आपल्या भाषेत म्हणाली, "आणि आजोबांनाही. आम्ही दोघं जातो."

"चिमणे! असं बोलतात का मोठ्यांसमोर?"

"चिमणी म्हणू नकोस मला! सकाळी इथे एक कुत्रा होता. कुत्रा! त्याला न्यायला दोघं आले. धावत आले. त्यांनी विचारलं नाही कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली. तो माणूस रडलासुद्धा. आणि मला तू काय विचारलंस मावशी? आत्याच्या गाडीत बसलीस का! आणि तू आत्या? विमानात काय खाल्लं! मी इथे एकटी बसले होते आणि तुम्ही दोघी घरी बसून मान मोजत होतात. आजोबांनाही तसंच. त्यांना बॅगेत भरल्यासारखं आणलंत आणि नेमके ब्रश काढून ठेवलेत. त्यांना कुणी विचारलं, तुम्हाला काय हवंय? मला कुणी विचारलं?"

शेवटी आत्याने, जरा घसा खाकरून, विचारलं, "काय हवंय तुला?"

"कुणीतरी यायला हवं होतं!"

इतकं साधं होतं ते, की दोघींपैकी कुणालाही त्यावर टोमणा सुचला नाही. आत्या खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग पुटपुटली, "खोली मीसुद्धा लावली होती. वाटलं, एखादा दिवस तरी पाठवतील. निळी चादर घातली होती. हिला निळा आवडतो म्हणून."

मावशीने चमकून पाहिलं. "मी पण निळीच घातलीय."

"दोन खोल्या!" उस्ताद कडाडली. "दोन खोल्या, दोन निळ्या चादरी, आणि न्यायला एक माणूस नाही!"

"माझा पासपोर्ट कुठे ठेवलायस गं?" आजोबांनी मावशीला मध्येच विचारलं, जसा कुणी चष्मा विचारावा.

"कपाटात, बाबा. सुरक्षित आहे."

"कुणापासून?"

आजोबा काठी टेकून उठले आणि ब्रशांची गुंडाळी काखेत मारून नातीशेजारी जाऊन उभे राहिले. ते कुठे जाणार नव्हते, पासपोर्टशिवाय जाताही आलं नसतं. पण त्या क्षणी ते निघालेल्या माणसासारखे दिसत होते, आणि मावशीने ते पाहिलं.

मग एकदम धांदल झाली. मावशीने पेनावर झडप घातली. आत्याने पर्समधून आपलं पेन काढलं. दोघी एकाच कागदावर दोन बाजूंनी वाकल्या आणि एकाच चौकोनात दोघींनी सह्या केल्या. एकीची दुसरीच्या अंगावर चढली. निळ्या कोटातल्या बाईने कागद उचलून उजेडात धरला. एक पुरली असती, ती म्हणाली. आणि त्या गिचमिडीवर तिने शिक्का मारला, पिवळा कागद फाडला.

"जागा कशी सोडायची, कुणालाच कळत नाही," आजोबा सह्यांकडे बघत म्हणाले.

बाहेर आल्यावर पुन्हा सुरू. "माझी गाडी समोरच आहे," मावशी म्हणाली. "माझ्या गाडीत मागे उशी ठेवलीय," आत्या म्हणाली. "आम्ही बसने जाणार," उस्ताद म्हणाली. तिचा आवाज असा होता की कुणी वाद घातला नाही. सामान मात्र होतं. आजोबांनी मोठी बॅग मावशीच्या हातात दिली आणि लहान आत्याच्या. आत्या बॅग घेऊन दोन पावलं गेली आणि थबकली. बस मावशीच्या दारात थांबते. म्हणजे लहान बॅग पोचवायला तिला मावशीच्या घरात पाऊल ठेवावंच लागणार होतं. आजोबांनी हे मुद्दाम केलं की कसं, उस्तादने विचारलं नाही.

बसच्या पाटीवर विमानाचं चित्र खरंच बरं होतं. दोघं मागच्या बाकावर बसली. मागच्या काचेतून दोन गाड्या दिसत होत्या. पुढे कोण, ह्यावरून त्या चौकात दोन्ही थांबल्या होत्या आणि त्यांच्या मागचे लोक भोंगे वाजवत होते.

"राग गेला का?" आजोबांनी विचारलं.

"नाही."

"बरोबर आहे."

उस्तादने पुठ्ठ्याची पाटी मांडीवर उलटी धरली. मागची बाजू कोरी होती. "ह्यावर नीट नाव काढायचं. रेघ मारून."

"तेल लागेल. रंग लागेल. आणि कडा मला नाही जमायच्या आता."

"कडा मी काढते. तुम्ही आत भरा."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. अशी अदलाबदल ह्या धंद्यात सहजासहजी होत नसते. त्यांनी ब्रशांच्या गुंडाळीची गाठ तेवढी पुन्हा घट्ट केली.

"आजोबा, तुम्हाला इथे बरं आहे का?"

ते बरं आहे म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात बस वळली आणि खिडकीसमोरून एका नव्या दुकानाची भलीमोठी पाटी सरकत गेली. आजोबा ताडकन सरळ बसले. काठी बसच्या जमिनीवर आपटली.

"तो पिवळा बघ! बघितलास? हा काय पिवळा आहे? काविळीसारखा! आणि त्याच्यावर पांढरी अक्षरं! लांबून काय दिसणार, कप्पाळ? कुणी केली ही पाटी? आहे का कुणी विचारणारं?"

पुढच्या बाकावरची दोन माणसं मागे वळून बघायला लागली. उस्ताद काचेला नाक लावून पाटी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"उद्या जाऊन विचारू," ती म्हणाली.